यीस्टमधील आरएनए-बंधक प्रथिनांचे जनुकशास्त्र : शी-२ आणि पॅब-१

पूर्वतयारी : डीएनएपासून एमआरएनए आणि एमआरएनएपासून प्रथिन कसे तयार होते, तसेच उत्परिवर्तन म्हणजे काय, एवढे माहीत असेल तर हा पाठ समजायला अडचण येऊ नये. यीस्टची ओळख पाठातच करून दिली आहे.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत एमआरएनए ही एक मोकळी रेघ असते. ती केंद्रकातून बाहेर पडते, रायबोसोमला भेटते आणि प्रथिन तयार होते. प्रत्यक्ष पेशीत एमआरएनए असा उघडा जवळजवळ कधीच नसतो. तो तयार होत असतानाच त्यावर प्रथिने बसू लागतात आणि तो नष्ट होईपर्यंत कोणती ना कोणती प्रथिने त्याच्यासोबत असतात. त्याने केंद्रकाबाहेर कधी पडायचे, कुठे जायचे, त्याचे भाषांतर कधी सुरू व्हायचे आणि तो किती काळ टिकायचा, हे बऱ्याच अंशी ही प्रथिनेच ठरवतात. त्यांना आरएनए-बंधक प्रथिने म्हणतात.

एखादे प्रथिन आरएनएला चिकटते हे परीक्षानळीत दाखवणे तुलनेने सोपे आहे. आरएनए लांबलचक आणि ऋणभारित रेणू असल्यामुळे धनभारित प्रथिने त्याला सहज चिकटतात, कधीकधी निष्कारणही. अवघड प्रश्न पुढचा आहे : हे चिकटणे जिवंत पेशीला लागते का, आणि लागत असेल तर कशासाठी? पहिला प्रश्न जीवरसायनशास्त्राचा आहे. दुसऱ्याचे उत्तर जनुकशास्त्रातून मिळते, पण ते थेट मिळत नाही. जनुक बिघडवल्यावर आपल्याला दिसतो तो दूरचा परिणाम, म्हणजे वसाहत वाढली की नाही किंवा तिचा रंग बदलला की नाही. त्या परिणामापासून रेणूपर्यंत मागे कसे जायचे, हा या पाठाचा विषय आहे. त्यासाठी दोन प्रथिने घेऊ. एक पेशीच्या जगण्याला आवश्यक नाही, दुसरे आवश्यक आहे. दोघांची चौकशी वेगवेगळ्या रीतीने करावी लागते.

यीस्टच का?

बेकरीत पाव फुगवण्यासाठी वापरतात तेच हे यीस्ट, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. चांगल्या माध्यमात त्याची पेशी साधारण ९० मिनिटांत दुप्पट होते. १९९६ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम वाचून झाला : १६ गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख आधारजोड्या आणि सुमारे ६,००० जनुके. जनुकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे यीस्ट एकगुणित अवस्थेत आरामात वाढते. तेव्हा प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे बिघाड झाकायला दुसरी प्रत नसते आणि अप्रभावी उत्परिवर्तनही लगेच दिसते. दुसरे म्हणजे बाहेरून दिलेला डीएनए यीस्ट आपल्या गुणसूत्रातील जुळणाऱ्या जागी अचूक बसवून घेते. त्यामुळे हवे ते जनुक काढून टाकता येते किंवा त्यातले एकच अक्षर बदलता येते. या सोयीचा फायदा घेऊन जवळजवळ प्रत्येक जनुक एकेक करून काढून पाहिले गेले आहे. समृद्ध माध्यमात जगण्यासाठी अत्यावश्यक ठरली ती एक पंचमांशाहून थोडी कमी जनुके.

म्हणजे उरलेल्या चार पंचमांश जनुकांपैकी कोणतेही एक काढले तरी यीस्ट जगते. ‘काढले तरी काही झाले नाही’ हे वाक्य तुम्हाला या विषयात वारंवार भेटेल. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कारण पुढे येईलच.

एक प्रश्न, ज्याचा आरएनएशी काही संबंध वाटत नव्हता

एकगुणित यीस्टचे दोन लिंगप्रकार असतात, ए आणि अल्फा. दोन भिन्न प्रकारांच्या पेशी एकत्र येऊन द्विगुणित पेशी बनवतात. निसर्गातील अनेक यीस्ट आपला प्रकार बदलू शकतात. एचओ नावाचे एक विकर तिसऱ्या गुणसूत्रावरील लिंगप्रकार ठरवणाऱ्या जागी डीएनए कापते. ती चीर बुजवताना पेशी त्याच गुणसूत्रावर अन्यत्र मूक अवस्थेत ठेवलेली दुसऱ्या प्रकाराची माहिती नकलून घेते. ए होती ती अल्फा होते, किंवा उलट.

यीस्टची पेशी मध्यातून दुभंगत नाही. तिला कळी फुटते, ती कळी मोठी होते आणि वेगळी होते. त्यामुळे प्रत्येक विभाजनानंतर कोण आई आणि कोण लेक हे ओळखता येते. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी सुईने बाजूला करून वंशावळ मांडल्यावर १९७० च्या दशकात एक नियम लक्षात आला : प्रकार बदलते ती आई, लेक बदलत नाही. लेक स्वतः एकदा व्याली, म्हणजे आई झाली, की मग तिलाही ही क्षमता येते.

हा नियम यीस्टच्या उपयोगाचा आहे. एकटा पडलेला बीजाणू अंकुरतो आणि एक लेक देतो. पुढच्या फेरीत आई विभाजनापूर्वी प्रकार बदलते, लेक बदलत नाही. चार पेशी होतात तेव्हा दोन ए आणि दोन अल्फा, शेजारीशेजारी. जोडीदार शोधायला कुठे जावे लागत नाही.

दोघींचा डीएनए तंतोतंत सारखा असूनही वागणे वेगळे का? उत्तराचा पहिला भाग असा की एचओ जनुकाचे प्रतिलेखन फक्त मातृपेशीत होते. ते सुरू करणारे स्वी-५ हे प्रथिन दोघींच्या केंद्रकांत जाते, त्यामुळे फरक तिथे नाही. मग लेकीत कोणीतरी एचओला रोखत असले पाहिजे. १९९६ मध्ये व्हिएन्नातील किम नॅस्मिथ यांच्या आणि सॅन फ्रान्सिस्कोतील आयरा हर्स्कोवित्झ यांच्या प्रयोगशाळांनी तो रोधक शोधला. त्याचे नाव ॲश-१. हे प्रथिन प्रामुख्याने लेकीच्या केंद्रकात साठते. ॲश-१ जनुक काढले की लेकीही एचओ चालू करतात.

प्रश्न सुटला असे वाटते, पण तो फक्त एक पायरी मागे सरकला आहे. ॲश-१ लेकीतच का साठते?

उत्परिवर्ती कसे पकडले

इथे एका युक्तीकडे नीट लक्ष द्या. एचओ चालू आहे की बंद हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एचओचा प्रमोटर एडीई-२ या जनुकासमोर बसवला जातो. एडीई-२ हे ॲडेनिन तयार करण्यासाठी लागते. पेशीचे मूळचे एडीई-२ बंद असेल, तर ॲडेनिन नसलेल्या माध्यमात तिची वाढ सर्वस्वी एचओच्या प्रमोटरवर अवलंबून राहते. प्रमोटर चालू तर वसाहत वाढते, बंद तर वाढत नाही. शिवाय एडीई-२ नसलेल्या पेशी ॲडेनिन कमी असलेल्या माध्यमात लालसर होतात, हा एक आयता फायदा.

तुमच्या मनात शंका आली असेल : लेकीत एचओचा प्रमोटर बंद असतो, मग साध्या, न बिघडलेल्या यीस्टची वसाहत तरी ॲडेनिनशिवाय कशी वाढते? आईकडून थोडे विकर लेकीला मिळते आणि एका फेरीनंतर लेक स्वतः आई होते. वसाहत वाढायला तेवढे पुरते.

आता उत्परिवर्तने घडवून ॲडेनिनशिवाय न वाढणाऱ्या पेशी शोधायच्या, म्हणजे ज्यांच्यात आईतही एचओ बंद पडले आहे अशा. या वाटेने पाच जनुके हाती लागली. त्यांना शी-१ ते शी-५ अशी नावे मिळाली. इंग्रजीतील ‘ती’ या सर्वनामाशी त्याचा संबंध नाही. ‘स्वी-५ वर अवलंबून असणारी एचओची अभिव्यक्ती’ या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून ते नाव आले आहे. पण विषय आई-लेकीचा असल्यामुळे हा योगायोग बरा जुळून आला आहे.

शी जनुक बिघडले की एचओ बंद पडते. यावरून शी प्रथिने एचओला थेट चालू करतात असे म्हणावे का? एकेरी उत्परिवर्तीवरून ते ठरत नाही. त्यासाठी दुहेरी उत्परिवर्ती करून पाहावा लागतो. शी बिघडलेल्या पेशीतच ॲश-१ सुद्धा काढले, तर काय होते? शी प्रथिने एचओला थेट चालू करत असतील, तर ॲश-१ असो वा नसो, एचओ बंदच राहायला हवे. प्रत्यक्षात एचओ पुन्हा चालू होते. म्हणजे शी प्रथिने नसताना एचओ बंद पडते ते ॲश-१ मुळे. शी प्रथिनांचे काम ॲश-१ ला आईपासून दूर ठेवणे एवढेच आहे. ॲश-१ च नसेल तर त्या कामाची गरज उरत नाही. एका उत्परिवर्तनाचा परिणाम दुसऱ्यामुळे झाकला जाण्याला एपिस्टॅसिस म्हणतात. कोणते जनुक साखळीत आधी आणि कोणते नंतर, हे कोणताही रेणू वेगळा न काढता समजते. माझ्या मते यीस्टच्या जनुकशास्त्रात इतक्या कमी खर्चात इतके सांगणारा दुसरा प्रयोग क्वचितच सापडेल.

जोडतपासणी म्हणून शी उत्परिवर्तीत ॲश-१ प्रथिन पाहिले गेले. ते आई आणि लेक दोघींच्या केंद्रकांत होते.

प्रथिन नव्हे, एमआरएनए

पाच शी जनुकांची ओळख पटत गेली तशी गोष्ट वेगळ्याच दिशेला वळली. शी-१ म्हणजे मायो-४, हे एक मायोसिन निघाले. मायोसिन म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंवरून चालणारे वाहक प्रथिन. शी-५ म्हणजे बीएनआय-१, जे ॲक्टिनचे तंतू उभारते. शी-४ मायोसिनची घडी नीट बसवायला मदत करते. एक वाहन, त्याचा रस्ता आणि वाहनाची देखभाल करणारा. साहजिकच वाटेल की ॲश-१ प्रथिन वाहून नेले जात असावे.

१९९७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की वाहून नेला जातो तो ॲश-१ चा एमआरएनए. पेशीविभाजनाच्या उत्तरार्धात, गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जात असताना, हा एमआरएनए कळीच्या टोकाला गोळा झालेला दिसतो. शी उत्परिवर्तीत तो आई आणि कळी दोघींत पसरतो. प्रथिन लेकीत साठते, कारण ते तयारच तिथे होते. पुढच्याच वर्षी जिवंत पेशीत हा प्रवास पाहिला गेला. त्यासाठी एमएस-२ या जीवाणुभक्षक विषाणूतील एक प्रथिन वापरले, जे एका विशिष्ट आरएनए-वळणालाच चिकटते. त्या प्रथिनाला हिरवे चमकणारे जीएफपी जोडले आणि ती वळणे रिपोर्टर आरएनएमध्ये ॲश-१ च्या तुकड्यासोबत बसवली. चमकणारा ठिपका आईकडून कळीकडे सेकंदाला साधारण २०० ते ४४० नॅनोमीटर वेगाने सरकताना दिसला. यीस्टची पेशी जेमतेम ५ मायक्रोमीटरची असते, त्यामुळे सरळ गेला तर अर्ध्या मिनिटाच्या आत हा प्रवास संपावा. ठिपका मात्र नेहमी सरळ जात नाही. तो थांबतो, मागेही येतो.

चिकटणारा कोण?

आता पाठाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रस्ता आणि वाहन माहीत झाले, पण एमआरएनए वाहनाला बांधतो कोण? उरली होती शी-२ आणि शी-३. दोघांपैकी कोणतेही एक काढले की परिणाम अगदी सारखाच : एमआरएनए पसरतो, एचओ बंद. वसाहतीकडे पाहून त्यांच्यातला फरक कळणे शक्य नाही. परिणाम सारखा म्हणून काम सारखे, असे मानण्याची चूक इथे सहज होते.

फरक करायचा तर एक काढून उरलेले एकमेकांना धरून आहेत का हे तपासायचे. शी-२ काढल्यावर शी-३ आणि मायो-४ एकमेकांना धरूनच राहतात, पण आरएनए त्यांच्यापाशी नसतो. शी-३ काढल्यावर शी-२ आरएनएला धरून असते, पण मायो-४ पर्यंत पोहोचत नाही. यावरून साखळी उभी राहते : आरएनए, त्याला शी-२, त्याला शी-३, त्याला मायो-४, आणि मायो-४ ॲक्टिनवर. २००० साली दोन गटांनी शी-२ हे आरएनए-बंधक प्रथिन असल्याचे दाखवले. त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमात आरएनए-बंधक प्रथिनांत नेहमी आढळणारे कोणतेही ओळखीचे क्षेत्र नव्हते. म्हणजे केवळ क्रम वाचून यादी करणाऱ्याने त्याला वगळलेच असते. २००४ मध्ये त्याची स्फटिकरचना उलगडली तेव्हा ती घडणही नवीन निघाली. दोन रेणू जोडीने असतात आणि आरएनए धरण्यासाठी धनभारित पृष्ठभाग असतो.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत पटणारा वाटतो. शी-२ चे काम खरोखर फक्त आरएनए आणि शी-३ यांना जोडण्याचे असेल, तर ती जोडणी आपण कृत्रिमरीत्या केल्यावर शी-२ ची गरज उरू नये. शी-३ ला तेच एमएस-२ चे प्रथिन जोडले आणि रिपोर्टर आरएनएमध्ये एमएस-२ ची वळणे ठेवली. शी-२ नसलेल्या पेशीतही तो आरएनए कळीत गेला. जनुक काढून ‘गरज आहे’ एवढे कळते. कामाला पर्याय देऊन पाहिल्यावर ती गरज नेमकी कशाची होती हेही कळते.

नंतरच्या अभ्यासात शी-३ सुद्धा आरएनए धरायला हातभार लावते आणि दोघे मिळून योग्य आरएनए अधिक नेमकेपणाने ओळखतात असे दिसले आहे. वर दिलेली सरळ साखळी त्यामुळे थोडी ढोबळ ठरते, पण रद्द होत नाही.

आणखी एक प्रकारचे उत्परिवर्तन इथे उपयोगी पडते. पूर्ण जनुक काढल्यावर प्रथिनाची सगळीच कामे जातात. त्याऐवजी आरएनए धरणाऱ्या पृष्ठभागावरील एकच अमिनो आम्ल बदलले आणि प्रथिन शाबूत असूनही आरएनए सुटला, तर परिणामाचे कारण नेमके तेच चिकटणे होते असे म्हणता येते. शी-२ बाबत असे बदल करून पाहिले आहेत आणि एमआरएनए पसरतो. मात्र बदललेले प्रथिन नेहमीच्या प्रमाणात तयार होते का, हे तपासल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नये. अनेकदा एका अमिनो आम्लाच्या बदलाने प्रथिनाची घडीच मोडते आणि पेशी ते नष्ट करते. मग तो जनुक काढण्याचाच दुसरा प्रकार होतो.

आरएनएच्या बाजूचे जनुकशास्त्र

बंधन दोघांत असते, म्हणून उत्परिवर्तने आरएनएमध्येही करता येतात. ॲश-१ च्या एमआरएनएवर चार जागा अशा आहेत की त्यांपैकी कोणतीही एक दुसऱ्या आरएनएला जोडली तर तोही कळीत जातो. संशोधक त्यांना टपालाच्या पत्त्यातील सांकेतिक क्रमांकाची उपमा देतात. आपण पिनकोड म्हणू. गंमत अशी की तीन पिनकोड पूर्णपणे प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागातच आहेत. चौथा थांबा-संकेताच्या आसपास सुरू होऊन पुढच्या, भाषांतर न होणाऱ्या भागात जातो. म्हणजे एकच अक्षरमाला दोन वाचकांसाठी लिहिलेली आहे : रायबोसोम तिच्यातून अमिनो आम्ले वाचतो आणि शी-२ तिच्यातून पत्ता वाचते.

यातून एक सुरेख प्रयोग शक्य होतो. एका अमिनो आम्लासाठी बहुधा एकाहून अधिक संकेत असतात. त्यामुळे प्रथिन तेच ठेवून आरएनएची अक्षरे बदलता येतात. असे केले की ॲश-१ प्रथिन जसेच्या तसे राहते, पण पत्ता पुसला जातो. ‘समानार्थी बदल निरुपद्रवी असतो’ असे तुम्ही कुठे वाचले असेल, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

चार पिनकोडांची अक्षरे एकसारखी नाहीत. सारखे आहे ते आकारात : देठ आणि वळणे, एका वळणात सीजीए ही तीन अक्षरे, दुसऱ्या वळणात एक सी, आणि त्यांच्यात ठरावीक अंतर. आकार महत्त्वाचा आहे की अक्षरे, हे ठरवण्याची जनुकशास्त्रीय रीत सोपी आहे. देठाच्या एका बाजूचे अक्षर बदलून जोडी मोडायची. मग समोरच्या बाजूचे अक्षर असे बदलायचे की जोडी पुन्हा जुळेल, पण अक्षरे मूळची नसतील. दुसऱ्या बदलाने काम परत सुरू झाले तर आकार महत्त्वाचा. नाही झाले तर अक्षरे महत्त्वाची, किंवा दोन्ही.

वाटेत गप्प राहणे

एमआरएनए कळीत पोहोचेपर्यंत त्याचे भाषांतर झाले, तर प्रथिन आईत तयार होईल आणि सगळा प्रवास वाया जाईल. त्यासाठी केएचडी-१ आणि पफ-६ ही आणखी दोन आरएनए-बंधक प्रथिने वाटेत भाषांतर दाबून ठेवतात. कळीच्या टोकाशी काही कायनेज विकरे त्यांना फॉस्फेट जोडतात, त्यांची पकड सैल होते आणि भाषांतर सुरू होते. यांपैकी एकच जनुक काढले तर शी-२ काढल्यासारखी पूर्ण पडझड दिसत नाही. एकाचा भार दुसरे काही प्रमाणात उचलते. अशा वेळी ‘वाढते की नाही’ या हो-नाहीच्या चाचणीने भागत नाही, मोजमाप करावे लागते.

शी-२ नसलेले यीस्ट आजारी का दिसत नाही?

शी-२ फक्त ॲश-१ ची सोय पाहत नाही. २००३ मध्ये कळीत नेले जाणारे आणखी २२ एमआरएनए ओळखले गेले. तरीही शी-२ काढलेली पेशी प्रयोगशाळेत छान वाढते.

याचे एक कारण अगदी साधे आहे आणि ते विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते. प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या वाणांत एचओ जनुक आधीच निकामी असते. संशोधकांना लिंगप्रकार स्थिर हवा असतो, म्हणून असेच वाण सोयीचे पडतात. अशा वाणात ॲश-१ ला रोखायला एचओच नाही, त्यामुळे शी-२ काढा किंवा ॲश-१ काढा, लिंगप्रकार बदलण्याच्या बाबतीत काहीच दिसणार नाही. एकेक जनुक काढलेल्या वाणांचा सार्वजनिक संग्रहही अशाच वाणावर उभारलेला आहे. त्यातला शी-२ वाण काढून कोणी म्हणाले, ‘याला काही परिणाम नाही’, तर ते प्रथिनाबद्दल काही सांगत नाहीत, चाचणीबद्दल सांगतात.

आता जगण्याला आवश्यक प्रथिन : पॅब-१

एमआरएनएच्या शेवटी ॲडेनिनची लांब शेपटी असते. तिला चिकटणारे यीस्टमधील मुख्य प्रथिन म्हणजे पॅब-१. ५७७ अमिनो आम्लांचे, चार आरएनए-बंधक क्षेत्रे असलेले. शी-२ च्या अगदी उलट, हे क्रम वाचूनच ओळखता येते.

पॅब-१ काढता येत नाही. हे सिद्ध कसे करतात? द्विगुणित पेशीत दोनपैकी एकच प्रत काढायची. पेशी जगते. मग तिला उपाशी ठेवून बीजाणू करायला लावायचे. प्रत्येक पिशवीत चार बीजाणू असतात, त्यांतील दोन वाढतात, दोन वाढत नाहीत, आणि वाढलेल्या दोघांतही काढलेली प्रत कधीच सापडत नाही. याचा अर्थ पॅब-१ आवश्यक आहे. पण कशासाठी आवश्यक, हे मेलेली पेशी सांगू शकत नाही. मेलेल्या पेशीत अखेरीस सगळेच थांबलेले असते.

एक मार्ग म्हणजे सशर्त उत्परिवर्तन : नेहमीच्या तापमानाला चालणारे आणि ३७ अंशांना बिघडणारे प्रथिन. तापमान वाढवल्यावर सुरुवातीच्या मिनिटांत काय आधी बिघडते ते पाहायचे. दुसरा मार्ग अधिक धूर्त आहे. पॅब-१ नसूनही जगणाऱ्या पेशी शोधायच्या. त्यांच्यात दुसऱ्या कुठल्या तरी जनुकात असा बदल झालेला असतो की पॅब-१ ची उणीव सोसता येते. अशा बदलाला सप्रेसर म्हणतात. ॲलन सॅक्स आणि रॉनल्ड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये असे सात सप्रेसर प्रसिद्ध केले. त्यांतून रायबोसोमच्या मोठ्या, ६०एस उपघटकाकडे बोट गेले. एक जनुक त्या उपघटकातील प्रथिनाचे होते, दुसरे तो उपघटक तयार व्हायला लागणाऱ्या एका आरएनए-हेलिकेजचे. एमआरएनएच्या शेवटच्या टोकाला बसणाऱ्या प्रथिनाचा संबंध सुरुवातीच्या टोकाला होणाऱ्या भाषांतराच्या आरंभाशी आहे, ही कल्पना या निरीक्षणाने बळकट झाली.

पुढे आणखी एका दिशेने सप्रेसर मिळाला. एक्सआरएन-१ हे विकर एमआरएनएला सुरुवातीच्या टोकापासून खात जाते. ते नसेल तरी पॅब-१ शिवाय पेशी जगते. म्हणजे पॅब-१ एमआरएनएचे अकाली नष्ट होण्यापासूनही रक्षण करते. एका प्रथिनाच्या दोन कामांच्या खुणा दोन प्रकारच्या सप्रेसरांत उमटल्या आहेत.

इथे सावध राहा. सप्रेसर सापडला म्हणजे ती दोन प्रथिने एकमेकांना स्पर्श करतात असे नाही. एक्सआरएन-१ च्या बाबतीत तर तोटा कमी करून नुसता ताळेबंद सावरल्यासारखे आहे : आवक घटली, तर जावकही घटवली. थेट भेटीचा पुरावा वेगळा द्यावा लागतो.

शी-२ आणि पॅब-१ यांच्या मध्ये कुठेतरी पफ-३ सारखी प्रथिने येतात. पफ-३ यूजीयूए या अक्षरांनी सुरू होणारा एक छोटा क्रम ओळखते आणि दोनशेहून अधिक एमआरएनएंना चिकटते. त्यांतील बहुतेक मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित आहेत. असे प्रथिन काढल्यावर दिसणारा परिणाम शेकडो छोट्या बदलांची बेरीज असते, त्यामुळे एका आरएनएकडे बोट दाखवणे अवघड जाते. त्याचा विचार पुढच्या पाठात करू.

सोडवून पाहा

एचओचा प्रमोटर जोडलेले एडीई-२ असलेल्या वाणात तुम्हाला एक नवा उत्परिवर्ती मिळाला आहे. तो ॲडेनिनशिवाय वाढत नाही. त्यात ॲश-१ जनुक काढले की वाढू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ॲश-१ चा एमआरएनए नेहमीप्रमाणे कळीच्या टोकाला दिसतो. बिघाड शी-१, शी-२ किंवा शी-३ मध्ये असू शकतो का? नसेल तर कुठे शोधाल?

उत्तराची दिशा : ॲश-१ काढल्यावर एचओ सुरू झाले, म्हणजे बिघाड ॲश-१ च्या आधीच्या टप्प्यावर आहे आणि ॲश-१ आईच्या केंद्रकात पोहोचत असावे. पण एमआरएनए योग्य जागी आहे, म्हणून वाहतूक शाबूत आहे आणि ती तीन जनुके बाजूला पडतात. मग दोन शक्यता उरतात. एमआरएनए वाटेत असतानाच भाषांतर होत असेल, म्हणजे केएचडी-१ किंवा पफ-६ च्या टप्प्यावर बिघाड. किंवा प्रथिन कळीतच तयार होऊन, पेशी वेगळ्या होण्याआधी मागे आईत शिरत असेल. दोन्हींत फरक करण्यासाठी ॲश-१ प्रथिन कोणत्या वेळी आणि आधी कोणत्या बाजूला दिसू लागते ते पाहा : आईत आणि कळीत एकाच वेळी, की आधी कळीत आणि मग आईत.